अंगठा, सही आणि रिकामा रकाना

मनुष्य जन्मास येतो त्याबरोबर त्याच्या नांवाचा एक कागदही जन्मास येतो, आणि पुढें तो मनुष्य जेथें जाईल तेथें त्याच्याआधीं त्याचा कागद पोंचावा लागतो. हें सर्वत्र खरें असलें तरी आमच्या कोयनेच्या खोऱ्यांत तें अंमळ अधिकच खरें आहे. येथील कित्येक घराण्यांचें मूळ गांव शिवसागराच्या पाण्याखालीं आहे. देऊळ, पार, पाणवठा, शेताचा बांध ही जमिनीवरची साक्ष पाण्यानें झांकली. उरली ती कागदावरची साक्ष. धरणासाठीं उठलेले लोक सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी, ठाणें अशा दूरदूरच्या मुलखांत जाऊन वसले. पुढें 1967 सालच्या 11 डिसेंबर रोजीं पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगरचीं किती तरी घरें मातीस मिळालीं. तेव्हांपासून ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘भूकंपग्रस्त’ हे दोन शब्द आमच्या पाटण तालुक्यांत जवळजवळ आडनांवासारखे चालत आले आहेत. आणि या दोन्ही शब्दांस सरकारदरबारीं जो अर्थ आहे तो एका दाखल्यामुळें आहे. 2018 सालीं धरणग्रस्त मंडळी कोयनानगरांत धरणें धरून बसली होती. त्यांच्या मागण्यांचें मूळही शेवटीं याच प्रश्नाशीं येऊन भिडतें, कीं कोणाचें काय गेलें, कोणास काय मिळालें, आणि तें कोठें लिहिलेलें आहे?

आतां हा कागद कागद राहिलेला नाहीं. अर्जाचा नमुना पीडीएफ या नांवानें वडिलांच्या मोबाईलवर येतो, वडील तो नववींतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे देतात आणि म्हणतात, “बाळ, एवढें भरून दे आणि खालीं माझी सही टाक.” म्हणजे पूर्वीं गांवांत जें काम कुळकर्ण्याचें होतें तें आतां घराघरांत शाळकरी मुलांकडे आलें आहे. ही गोष्ट आम्हांस कमी महत्त्वाची वाटत नाहीं, आणि म्हणूनच या वार्षिकांत वाचकांपुढें हा विषय मांडण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं ज्याच्या हातीं रिकाम्या रकान्याचा आकार आहे, त्याच्याच हातीं अर्जदारानें काय सांगावें आणि काय सांगूं नये हेंही आहे. आणि मजकूर समजल्यावांचून झालेली सही, मग ती शाईची असो, अंगठ्याची असो, कीं मोबाईलवरची असो, सही या नांवास पात्र नाहीं.

प्रथम हा नमुना म्हणजे काय तें पाहूं. पीडीएफ ही लेखनाची पद्धति ॲडोबी या अमेरिकन कंपनीनें 1993 सालीं काढली. कोणत्याही यंत्रावर उघडलें तरी पान जसेंच्या तसें दिसावें हा तिचा हेतु. पुढें 1996 च्या सुमारास तिच्यांत भरतां येणारे रकाने आले, आणि 2008 सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली, त्यामुळें ती आतां कोणा एका कंपनीची राहिलेली नाहीं. अशा नमुन्यांत दोन थर असतात असें समजावें. खालचा थर छापलेल्या मजकुराचा. तो अर्जदारास बदलतां येत नाहीं. वरचा थर रकान्यांचा. कांहीं रकाने अक्षरें लिहिण्याचे, कांहीं बरोबरची खूण करण्याचे, कांहींत अनेकांतून एकच निवडावयाचें, कांहींत उघडणाऱ्या यादींतून नांव उचलावयाचें, आणि एक रकाना सहीचा. असे नमुने तयार करण्यास मोठा खर्च येतो असेंही नाहीं. लिब्रे ऑफिस नांवाची फुकट मिळणारी प्रणाली आहे, तींत साधा अर्ज टंकून, रकाने मांडून, त्याचा भरतां येणारा पीडीएफ करतां येतो. आमच्या शाळेंतील कोणत्याही चलाख विद्यार्थ्यास हें दोन दुपारांत साधेल.

परंतु रकाना मांडणें सोपें असलें तरी तो योग्य मांडणें सोपें नाहीं. उदाहरणार्थ, ‘मूळ गांव’ हा रकाना घ्या. करणारानें सोयीसाठीं तेथें आजच्या गांवांची उघडणारी यादी ठेविली आणि तिच्याबाहेर कांहीं लिहूं दिलें नाहीं, तर ज्याचें गांव पाण्याखालीं गेलें त्या म्हाताऱ्यानें काय निवडावें? त्याचें गांव यादींत नाहीं, आणि तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढें जात नाहीं. मग भरणारा मुलगा जवळचें एखादें नांव निवडून मोकळा होतो. झालें! धरणानें गांव एकदां बुडविलें तें रकान्यानें दुसऱ्यांदा बुडविलें. आणि पुढें दहा वर्षांनीं त्याच्या नातवाचा दाखल्याचा अर्ज ‘मूळ गांव जुळत नाहीं’ म्हणून परत आला, तर दोष कोणाचा? आमच्या मतें तो त्या मुलाचा नाहीं. ज्यानें यादीखालीं ‘यांपैकीं नाहीं, येथें लिहा’ एवढी जागा ठेविली नाहीं, त्याचा तो आहे.

नांवाची गोष्ट तर याहून बिकट. जुन्या दप्तरांतून मनुष्याचें नांव आजच्यासारखें तीन खणांचें नसे. ‘अमका बिन तमका’ असें बापाचें नांव लागे; स्त्रीचें नांव ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दानें नवऱ्याशीं जोडीत; आडनांव असे किंवा नसे. आजीचें माहेरचें नांव निराळें, सासरचें निराळें, आणि आधारकार्डावर तिसरेंच कांहीं. अशा घरचा अर्ज भरतांना ‘पहिलें नांव, मधलें नांव, आडनांव’ एवढे तीनच रकाने असले, आणि त्यांवर वीस अक्षरांची मर्यादा घातली, तर खरी माहिती रकान्याबाहेर राहते. दप्तरीं जें नांव आहे तें जसेंच्या तसें लिहिण्यास एक लांब रकाना वेगळा ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. दोन ओळी अधिक लागल्यानें पीडीएफ कांहीं जड होत नाहीं.

येथें एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवितों, कारण नवशिके हमखास तेथें ठेंचाळतात. प्रत्येक रकान्यास एक अंतर्गत नांव द्यावें लागतें. तें अर्जावर दिसत नाहीं, पण यंत्र त्याच नांवानें रकाना ओळखतें. दोन रकान्यांस चुकून एकच अंतर्गत नांव दिलें, तर एकांत लिहिलेलें दुसऱ्यांत आपोआप उमटतें. अर्जदाराचें नांव दोन पानांवर यावयाचें असेल तेथें हा गुण उपयोगी पडतो. परंतु ‘अर्जदार’ आणि ‘वारस’ या दोहोंस ‘नांव’ हेंच नांव दिलें, तर आजा आणि नातू एकच होऊन बसतात! नमुना लोकांस देण्यापूर्वीं त्यांत खोटीं नांवें भरून, छापून, दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा. शिवाय प्रत्येक रकान्यास एक सूचनाओळ जोडतां येते. अंधांसाठीं जी प्रणाली पान मोठ्यानें वाचून दाखविते ती हीच ओळ वाचते. ती कोरी ठेवणें म्हणजे आंधळ्या अर्जदारास दारांतूनच परत पाठविणें होय.

आणि आमची मराठी! तिची या रकान्यांत जी दैना होते ती पाहून हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं. जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत अक्षरें दिसावयाचीं मराठी, परंतु यंत्राच्या पोटांत तीं इंग्रजीच असावयाचीं. तो टंक नसलेल्या यंत्रावर अर्ज उघडला कीं ‘सदाशिव’च्या जागीं इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें यांचा काला दिसतो. युनिकोड ही पद्धति आल्यापासून हा घोटाळा पुष्कळ कमी झाला. तरी अजून कित्येक प्रणालींत पीडीएफच्या रकान्यांत मराठी लिहिलें कीं वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूस जाते आणि जोडाक्षर मोडून पडतें. छापील मजकूर शुद्ध, आणि भरलेला मजकूर मोडका! याचा परिणाम असा होतो कीं करणारे कंटाळून ‘अर्ज इंग्रजींत भरावा’ अशी तळटीप घालतात, आणि मग ‘कोंडिबा’चीं रोमन लिपींत चार घरीं चार रूपें होतात. टंक नमुन्यांतच अंतर्भूत करावा, तो युनिकोडचा असावा, आणि साध्या मोबाईलवर जोडाक्षरें नीट उमटतात कीं नाहीं हें आधीं पाहावें. जेथें उमटत नाहींत तेथें मराठी रकाना हातानें भरण्याची मुभा ठेवावी. आमच्या मतें मोडक्या अक्षरांपेक्षां हातचें अक्षर शतपटीनें बरें.

आतां सहीकडे वळूं. हिच्यासंबंधानें गैरसमज फारच पसरले आहेत. कागदावर सही करावी, तिचें छायाचित्र काढावें आणि तें पीडीएफच्या तळाशीं चिकटवावें, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सही झाली असें पुष्कळांस वाटतें. तें सहीचें चित्र होय. तेंच चित्र उचलून कोणीही दुसऱ्या अर्जावर चिकटवूं शकेल, आणि पाहणारास कांहीं कळणार नाहीं. खरी डिजिटल सही निराळी असते. यंत्र प्रथम सबंध दस्तावरून गणितानें एक लहानसा सारांक काढतें. दस्तांत एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी तो सारांक अगदीं निराळा येतो. हा सारांक सही करणाराच्या गुप्त किल्लीनें बंद करून दस्तांत ठेवितात. ज्यास पडताळा पाहावयाचा असेल तो सही करणाराच्या उघड किल्लीनें तो उघडतो आणि आपण स्वतः काढलेल्या सारांकाशीं ताडून पाहतो. जुळला, तर सही त्याचीच आणि मजकूर तोच. न जुळला, तर मध्यें कोणी तरी हात घातला आहे. उघड किल्ली कोणाची याची ग्वाही सरकारनें परवाना दिलेली प्रमाणन-संस्था देते.

आमच्या देशांत 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस हातच्या सहीची मान्यता दिली. 2008 सालच्या दुरुस्तीनें सहीच्या इतर पद्धतींसही वाट मोकळी झाली, आणि 2015 सालापासून आधारच्या ओळखीवरून सही करण्याची सोय निघाली. हिला ‘ई-साइन’ म्हणतात. मोबाईलवर आलेला ओटीपी दिला, किंवा बोटाच्या ठशानें ओळख पटविली, म्हणजे त्या एका सहीपुरती किल्ली तयार होते, सही होते, आणि किल्ली नष्ट केली जाते. तिचें प्रमाणपत्र अर्ध्या तासाचेंच असतें. मृत्युपत्र मात्र या कायद्याबाहेर ठेविलें आहे. तें आजही कागदावरच करावें लागतें. सातबारा उतारा 2018 सालच्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा मिळूं लागला, हें पालकवर्गास ठाऊक आहेच. तो संगणकावर उघडल्यास कित्येकदां सहीपाशीं पिवळें प्रश्नचिन्ह दिसतें आणि लोक घाबरतात. बहुधा त्याचा अर्थ एवढाच, कीं आपल्या यंत्रास त्या प्रमाणन-संस्थेची अजून ओळख करून दिलेली नाहीं. दस्त बदललेला असल्यास यंत्र तसें स्पष्ट सांगतें. मात्र असा उतारा छापून घेतला कीं ही तपासणी संपली; कागदावरची हिरवी खूण हें नुसतें चित्रच. मूळ फाईल जपून ठेवणें अवश्य आहे.

सही झाल्यावर मजकूर बदलूं नये ही चिंता आमच्या पूर्वजांसही होती. जुने दस्त लांबच्या लांब कागदांवर लिहीत, एकास एक बंद चिकटवून. आणि मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये म्हणून सांध्यावर पाठीमागून शिक्का मारीत. मजकूर संपला कीं तेथें मोर्तब करीत, म्हणजे त्याखालीं कोणास ओळ वाढवितां येऊं नये. ‘अमुक गोष्टीवर मोर्तब झालें’ असें आपण आजही म्हणतों तें यावरूनच. पीडीएफच्या सहीच्या रकान्यास हाच गुण देतां येतो. सही होतांच अमुक अमुक रकाने कुलूपबंद व्हावे असें आधींच ठरवून ठेवितां येतें. देणाऱ्या कचेरीसही अगोदर आपली सही घालून सांगतां येतें, कीं छापील मजकूर कायम, रकाने तेवढे भरावे. एकामागून एक दोघांच्या सह्या व्हावयाच्या असतील, तर पहिल्या सहीच्या वेळीं दस्त कसा होता हें मागें जाऊन पाहतांही येतें. इतकी सोय असून पुष्कळ नमुने या कुलुपाशिवायच वांटले जातात याचें आम्हांस नवल वाटतें. आणि कोणी म्हणेल, ‘एकच चूक आहे, सही झालेल्या दस्तांतच दुरुस्त करूं’. तर तसें करूं नये. दुरुस्ती केली कीं सही मोडते. नवा नमुना, नवी तारीख, नवी सही, हाच सरळ मार्ग.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. परंतु यंत्र फक्त एवढें सांगूं शकतें, कीं सही अमक्याची आहे आणि मजकूर बदललेला नाहीं. अमक्यास मजकूर समजला होता काय, हें तें सांगूं शकत नाहीं. आणि आमच्या जिल्ह्याचा इतिहास पाहतां सारें दुःख तेथेंच होतें.

जुन्या वतनी कागदांवर कुणब्याच्या सहीच्या जागीं नांगराचें चित्र असे. ‘निशाणी नांगर’ असें शेजारीं लिहीत. वाणी तराजू काढी. ज्यास लिहितां येई तो ‘दस्तुर खुद्द’ म्हणे, आणि दुसऱ्यानें लिहिलें असेल तर ‘बिकलम’ म्हणून लिहिणाराचें नांव येई. पुढें इंग्रजी अमलांत अंगठा आला. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें 1858 सालीं बंगाल्यांत एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला, तेथून ही कल्पना वाढत गेली. अंगठा खोटा करतां येत नाहीं हा त्याचा मोठा गुण; पण अंगठा वाचतां येत नाहीं हा त्याहून मोठा दोष. नांगर काढणाऱ्या हातास आपण कशावर नांगर काढतों आहों हें पुष्कळदां ठाऊकच नसे. सावकाराच्या कर्जरोख्यांत काय लिहिलें आहे, व्याज किती, मुद्दल किती, हें कुळास कळे तें फिर्याद झाल्यावर. 1875 सालच्या 12 मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला, आणि तो पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांत लोकांनीं मुख्यतः काय मागितलें? त्यांनीं रोखे मागितले, आणि ते जाळले. जेथें सावकारानें रोखे मुकाट्यानें दिले तेथें बहुधा त्याच्या अंगास हात लागला नाहीं. ज्या कागदावर आपली निशाणी आहे पण ज्यांतील शब्द आपला नाहीं, त्या कागदावर एवढा राग होता.

सरकारनें चौकशी बसविली आणि 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. म्हणजे आमचें हें खोरें त्यांत आलेंच. त्या कायद्यांत एक व्यवस्था होती, ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त गांवच्या निबंधकानें स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखालीं लिहवावा. अर्जदार तोच कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. मजकूर सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचून दाखवावा. मग सही किंवा निशाणी घ्यावी. आणि दस्ताची नक्कल दुसऱ्या पक्षास द्यावी. हा कायदा पूर्ण यशस्वी झाला असें आम्ही म्हणत नाहीं. कर्जाचें मूळ दारिद्र्यांत होतें, लेखनांत नव्हतें. परंतु सहीच्या आधीं वाचन आणि सहीनंतर नक्कल, या दोन गोष्टी त्यानें कायद्यांत घातल्या हें थोडें नव्हे.

आतां आजची स्थिति पाहा. ओटीपी हाच आजचा अंगठा आहे. ‘काका, मोबाईलवर नंबर आला काय? सांगा बरें,’ असें कोणी म्हणतो, आणि काका सहा आंकडे सांगून मोकळे होतात. त्या सहा आंकड्यांनीं काय उघडलें, बँकेचें खातें कीं अर्जाची सही, हें काकांस ठाऊक नसतें. अंगठा निदान काकांच्या हातास चिकटलेला होता; त्यासाठीं त्यांस जागेवर जावें लागे, आणि शाईचा डाग घरीं आल्यावर बोटास दिसे. ओटीपी दूरवरून, फोनवर, न दिसतां घेतां येतो. यंत्र म्हणणार, सही अस्सल आहे. आणि तें खोटेंही नाहीं! म्हणूनच 1879 सालचा तो वाचून दाखविणारा निबंधक आज पूर्वींपेक्षां अधिक हवा आहे. तो कोठें आहे? सरकारनें नेमलेला असा मनुष्य प्रत्येक घरीं येणार नाहीं. त्याच्या जागीं प्रत्यक्षांत आहे तो घरांतला शाळकरी मुलगा, नाहीं तर केंद्रावरचा घाईंतला तरुण.

यावर कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात, कीं असें आहे तर जुना कागदच बरा; पाटणास जावें, साहेबांसमोर अंगठा द्यावा. त्यांच्या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. समोरासमोर बसलेल्या मनुष्यास प्रश्न विचारतां येतो, रकान्यास विचारतां येत नाहीं. तथापि आम्हांस हा उपाय पटत नाहीं. धरणाच्या वरच्या अंगच्या वाडींतून पाटणची एक फेरी म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला, आणि साहेब जागेवर नसले तर दोन दिवसांचा. सोलापूर किंवा ठाण्याकडे वसलेल्या धरणग्रस्तास तर आपल्या जुन्या तालुक्याच्या कचेरीची पायरी चढणें हीच एक यात्रा आहे. जो अर्ज घरबसल्या, आजीच्या खाटेजवळ बसून, सावकाश भरतां येतो, तो टाकून पुन्हां गर्दींत उभे राहा असें म्हणणें हें गरिबाच्या हिताचें नव्हे. पालटावयाचें असेल तर नमुना पालटावा.

आमच्या मतें प्रत्येक नमुन्यांत, सहीच्या रकान्याच्या अगदीं वर, आणखी दोन रकाने असावे. एक, ‘अर्ज भरून देणाराचें नांव’. जुन्या ‘बिकलम’ची ही नवी आवृत्ति. दुसऱ्यानें भरलेला अर्ज स्वतः भरल्यासारखा दिसावा यांत कोणाचेंच कल्याण नाहीं. आणि आपलें नांव लागणार आहे हें कळलें म्हणजे भरणाराही जपून भरतो. दुसरा, ‘मजकूर अर्जदारास मराठींत वाचून दाखविला, होय किंवा नाहीं’. हा रकाना आधींच ‘होय’ असा भरून ठेवूं नये. आम्ही असे नमुने पाहिले आहेत कीं ज्यांत संमतीची खूण जन्मतःच केलेली असते. त्यास संमति म्हणतां येणार नाहीं. तसेंच सहीपूर्वीं कोणताही रकाना कोरा राहूं नये. जेथें लिहिण्यासारखें नसेल तेथें ‘लागू नाहीं’ असें लिहितां यावें. ‘सही करा, बाकीचें आम्ही भरूं’ हें वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याच्याकडून अर्ज परत घ्यावा, मग तो कितीही ओळखीचा असो.

विद्यार्थिमित्रांस एक गोष्ट निराळी सांगावयाची आहे. तुम्ही अर्ज भरूं शकतां. सही करूं शकत नाहीं. 1872 सालच्या करारांच्या कायद्याप्रमाणें अज्ञान मनुष्यास करार करतां येत नाहीं. आणि वडिलांच्या नांवें त्यांच्या नकळत ओटीपी घालून सही करणें हें तर वय कितीही असलें तरी गैरच. वडील म्हणाले, ‘तूंच कर, मला काय कळतें त्यांतलें,’ तरी मोबाईल त्यांच्या हातीं द्यावा, मजकूर एकेक ओळ वाचावा, आणि शेवटचें बटण त्यांसच दाबूं द्यावें. त्यांस पांच मिनिटें लागतील, लागूं द्यावीं. त्यांनीं मध्येंच थांबून ‘हें ‘हक्कसोड’ म्हणजे काय रे?’ असें विचारलें, तर तें न समजतां पुढें जाऊं नये. पुष्कळ घरांत बहिणींची नांवें उताऱ्यावरून अशाच न विचारलेल्या शब्दांपायीं गेलीं आहेत.

आणि सर्व गोष्टी सरकारनेंच कराव्या असें आम्ही मानीत नाहीं. शाळांतूनही कागद निघतात. सहलीचें संमतिपत्र, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सर्व पालकांकडे सहीसाठीं जातात, आणि ते नमुने आपणच करतों. येत्या सहलीचें संमतिपत्र नववीच्या विद्यार्थ्यांनीं तयार करावें, असें आम्ही सुचवितों. त्यांत सहलीचें ठिकाण, वर्गणी, परत येण्याची वेळ आणि बरोबर जाणाऱ्या शिक्षकांचीं नांवें हा मजकूर कायम असावा. मुलाचें नांव दप्तराप्रमाणें लिहिण्यास लांब रकाना असावा. औषधांविषयीं सांगण्यास मोकळी जागा असावी. ‘परवानगी आहे’ आणि ‘परवानगी नाहीं’ हे दोन्ही पर्याय सारख्याच आकाराचे असावे, आणि दोन्ही कोरे असावे. सही होतांच रकाने कुलूपबंद व्हावे. तो प्रथम पांचसहा पालकांच्या मोबाईलवर पाठवून पाहावा, विशेषतः ज्यांचा मोबाईल जुना आहे त्यांच्या. ज्या पालकांस मोबाईल नाहीं त्यांच्यासाठीं तोच नमुना छापून द्यावा, आणि दोहोंस सारखीच मान्यता असावी. सही झालेल्या संमतिपत्राची एक प्रत शाळेच्या कचेरींत राहावी, आणि दुसरी त्याच दिवशीं पालकांकडे जावी.